नलूने घोटलेलं भांडं

आमच्या घरात कुणाच्याच पोटात काही राहत नाही. माझ्या पोटात मात्र एक गोष्ट राहिलीय — नवऱ्यालाही सांगितलेली नाही, आणि घडली तर त्याच्यापायीच. तुम्हाला सांगते.

ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत कुंदाताई राहायला आल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत राहिलेल्या, तिथल्या मूळच्या पुएब्लो लोकांपैकी एका बाईंकडे भांडी करायला शिकलेल्या. चाक नाहीच. मातीच्या वळ्या रचायच्या, सुकत आलं की नक्षी कोरायची, वर पातळ मातीचा हात द्यायचा आणि तो ओलसर असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटायचं. मग गोवऱ्यांच्या धुरात कोंडून भाजलं की — काळंभोर, आरशासारखं!

रविवारी दुपारी गच्चीवर त्यांच्याकडे शिकायला आम्ही दोघीच, मी आणि शेजारची नलू. काय हसायचो! नलूने भांड्यावर बांगडा कोरला, तर त्याचं तोंड थेट तिच्या मामासारखं आलं.

कुंदाताईंचा एकच दंडक — घोटायला बसलं की उठायचं नाही. माती मध्येच सुकली तर चट्टा पडतो, तो जात नाही.

आणि मी उठले. का? खाली सुहासची स्कूटर वाजली — आता तोच नवरा! कुंदाताई घरात झोपलेल्या.

"नलू, माझं जरा बघ गं, लगेच येते."

"अगं, माझं सुकेल ना!"

"यार, प्लीज!"

लगेच कसली येते? नॅशनल पार्कात फिरलो, तळ्याकाठी त्याने माझा हात धरला. इतका आनंद मला त्याआधी ठाऊकच नव्हता — खोटं कशाला बोलू?

परतले तेव्हा माझं भांडं चकाकत होतं. नलूच्या बांगड्यावर भला मोठा चट्टा.

"तुझं आधी सुकत होतं," ती म्हणाली. मग खिदळत, "धरला का हात?"

भाजून झाल्यावर कुंदाताईंनी माझं भांडं उन्हात धरलं. "एकदाही उठली नाहीस ना?"

नलू शेजारीच होती. मी म्हटलं, "नाही."

"आणि नलू, तुझं लक्ष कुठे होतं गं?"

नलू माझ्याकडे बघून हसली — हो, हसलीच.

एवढ्यावर थांबले असते तर? पण माझं भांडं प्रदर्शनात गेलं, कुंदाताईंनी मला हाताशी घेतलं, पुढे मीच शिकवायला लागले. न उठता घोटल्याचा किस्सा प्रत्येक वर्गात रंगवून सांगितला. माझ्या लग्नातसुद्धा — आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या नलूच्या! तिने पुन्हा मातीला हात लावला नाही. का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारायचं तरी काय? ते भांडं तिने घोटलं होतं.

परवा ती नातीला घेऊन आली. नात माझी भांडी बघून हरखली. "आजी, तुला येतं असं करायला?"

"छे गं! उस्ताद ही," नलू माझ्याकडे बोट करून म्हणाली, आणि झकास हसली.

मीही हसले. आणि चहा टाकायला आत गेले.