एकाच बाजूने

कान गेले तसं वडिलांनी फोन घेणंच सोडलं. त्यांचं घर सिद्धगडाच्या पायथ्याशी, मी शहरातल्या प्रयोगशाळेत. आमच्यामध्ये रविवारचा फोन तेवढा होता. कानाचं मशीन मी आणून दिलं, ते डबीतच राहिलं. "लावला का कावलंच जास्त कावकाव करतात," म्हणायचे. आणि फोनचं काढलं की, "मला आयकू येत नाय, तर बोलू काय?" मला राग यायचा, आणि त्या आवाजावाचून करमतही नव्हतं.

दिवाळीला गेले तेव्हा ते ओटीवर मासे धरायचा सापळा विणत होते. भातखाचरातलं पाणी जिथून उतरतं तिथे, बांधाच्या तोंडाशी लावायचा. डाव्या कानाशी ओरडलं तर त्यांना थोडं पोचतं. त्यांनीच विचारलं, "तुजा काम काय गो तिथं?"

आजवर मी "संशोधन" म्हणून वेळ मारून नेली होती. या वेळी सापळ्याच्या तोंडात बोट घातलं. सहज आत गेलं. मागे ओढलं तर बांबूच्या कामट्यांची टोकं रुतली. "हाच काम," मी ओरडले. आमच्या क्वांटम यंत्रातली तांब्याची डबी, आत मोहरीएवढी चुंबकी गोळी. तिच्यातून मायक्रोवेव्ह लहरी एका बाजूने जातात, उलट येत नाहीत. शेजारीण अंगण झाडायची थांबून ऐकत होती. क्वांटम म्हणजे काय ते त्या दिवशी सगळ्या पाड्याला कळलं असणार.

"पण कशाला?"

"आमचा सिग्नल लय बारीक, बाबा. एकेका कणाचा. ऐकणाऱ्या यंत्राचाच गोंगाट मागं आला तर तो बुडतो. म्हणून परतीची वाट बंद."

ते कामटी तासत राहिले. मग म्हणाले, "तिकडून काय येत नाय म्हणून हा इकडून पाठवायचा थांबतो का?"

मी नकारार्थी मान हलवली. ते पुन्हा विणायला लागले.

पुढच्या रविवारी फोन वाजला. "मी बोलतो, तू आयक." म्हशीचं सांगितलं, भाताच्या झोडणीचं सांगितलं, सापळ्यात घावलेल्या मरळीचं तर दोनदा. शेवटी विचारलं, "जेवलीस ना?" आणि ते थांबले.

त्यांना काही ऐकू जाणार नव्हतं. तरी मी सांगितलं, जेवले बाबा, पिठलं-भात केला होता.

तेवढा वेळ जाऊ देऊन ते म्हणाले, "बरा."