पदराची किल्ली

कौतिकाबाई चौदा वर्षांपासून बुलढाण्यातल्या एका शाळेत साफसफाई करते. मुलींचा संडास ती घासून लख्ख ठेवते आणि पोरींनी घाण करू नये म्हणून कुलूप लावते. किल्ली पदराच्या गाठीत. तपासणीवाले आले की उघडते. मागच्या साली एका साहेबानं आत जाताना बाहेर चपला काढल्या होत्या. ते ती अजून सांगते.

काल मात्र शाळेत पोरींची तब्येत तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. निम्म्या पोरी म्हणाल्या, शाळेत आम्ही पाणीच पीत नाही. सहा जणींना लघवीला जळजळ होत होती.

"मावशी, संडासाला कुलूप कशाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उघडं ठेवलं तं घाण होते. घाण झाली की मलेच बोलतेत. साफ ठेव म्हणे, ठेवलं. आता तुमी म्हणता पोरी बिमार पडल्या. मंग म्या करू काय?"

डॉक्टरीणबाई त्या सहा जणींची यादी लिहीत राहिल्या. कौतिकाबाईनं डोकावून पाहिलं. सहावं नाव तिच्याच नातीचं होतं, श्रावस्तीचं. पोरीला व्हरांड्यात गाठून ती खेकसली, "किल्ली तं घरचीच होती, पोरी! मले काऊन नाही मांगतली?"

श्रावस्ती खाली बघत म्हणाली, "मांगतली होती, आजी. दोनदा. तू म्हनली, आत्ताच पुसलं."