रांगोळीच्या रेघा

पार्किन्सन्स झाल्यापासून बाबांचे पाय चालता चालता मध्येच जमिनीला खिळायचे. गंगापूर रोडच्या व्यायामवर्गात फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या; त्या ओलांडत ते नीट चालायचे. घरी मी तशाच पट्ट्या लावल्या, तर ते खुशाल त्यांच्यावर पाय देऊन अडकायचे. "पाय उचला ना!" मी वैतागून ओरडायचो.

एक दिवस आईने त्या पट्ट्या उपटल्या आणि तिथे रांगोळीच्या रेघा ओढल्या. रांगोळीवर पाय कसा द्यायचा? बाबा एकेक रेघ जपून ओलांडत थेट स्वयंपाकघरात पोचले.

काल ऑफिसच्या घाईत माझाच पाय रेघेवर पडला. आजारामुळे बाबांचा आवाज हल्ली ऐकूसुद्धा येत नाही, पण मागून खणखणीत आला, "पाय उचल ना!"