जर्मन बाईचा हात

आमच्या ह्यांनी काल दुरुस्तीला आलेलं जुनं जर्मन अकॉर्डियन उघडलं आणि मला हाक मारली, "अगं, हात बघ या बाईचा!"

आत सुरांच्या धातूच्या पात्यांवर चामड्याच्या चिमुकल्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. तिकडच्या गावांत म्हणे हे काम कारखान्यातून घरोघरी जायचं, आणि स्वयंपाक उरकला की बायका त्याच टेबलावर पट्ट्या चिकटवत बसायच्या. एका रांगेवरून बोट फिरवत हे म्हणाले, "एकसुद्धा वाकडी नाही!" देवळात बोलावं इतकं हळू बोलले.

माझ्या पोटात दुखलं. तीस वर्षं मीही कुकर उतरवला की ह्यांच्यासाठी चामडं कापून अशाच पट्ट्या चिकटवत बसते. माझा हात ह्यांनी कधी कुणाला दाखवला नाही. त्या बाईचं नाव ठाऊक नाही, ती केव्हाच मातीत गेली असेल, तरी माझ्या घरात येऊन माझ्या वाटणीचं कौतुक घेऊन गेली. मेलेल्या बाईवर काय जळायचं? पण जळले.

खोट काढायचीच म्हणून चष्मा लावला, तर त्या रांगेतलं चामडं ओळखीचं निघालं. माझ्या जुन्या तपकिरी चामडी बटव्याचं, मीच कापलेलं. हे अकॉर्डियन मागे कधीतरी आमच्याकडे येऊन गेलं होतं.

"अहो, ही रांग माझी आहे."

ह्यांनी पुन्हा वाकून पाहिलं.

"तरीच," म्हणाले, "जराशी वाकडी वाटत होती."