सीटखालचा स्विच

मुंजाबा गवताच्या गाडीवर बसत नसे.

बीड बायपासच्या पलीकडे एका कॉलेजचं भलं मोठं मैदान आहे. त्याच्या एका अंगाला उतरता बांध, आणि पुढे इमारतीपर्यंत नुसती हिरवळ. एवढं गवत कापायला संस्थेने एक लाल गाडी घेतली होती. छोटा ट्रॅक्टरच म्हणा ना. पोटाखाली गरगर फिरणारं पातं, कडेला कापलेलं गवत बाहेर फेकणारं तोंड, आणि वर ऐसपैस गादीची सीट. ज्या कुणी ती बनवली त्याने चालवणाऱ्याच्या पाठीचा आणि कंबरेचा इतका विचार केला होता की बघतच राहावं. आणि आमचा हा गडी त्या सीटवरून अर्धा उठून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून, मान पुढे काढून गाडी हाकायचा.

त्याला कारण होतं. मुंजाबा पिशोरकडच्या मेंढपाळांचा. लहानपणी दिवाळी झाली की बाप मेंढरं घेऊन डोंगर उतरायचा, आणि पार पाचोडच्या पुढे गोदावरीकाठापर्यंत, वाटेत लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवत, उन्हाळा संपेस्तोवर फिरायचा. बापाची एकच शिस्त होती : कळप चरत असताना खाली बसायचं नाही. बसलं की नजर मेंढराच्या पाठीवरून पुढे जात नाही, आणि पुढे विहीर आहे की लांडगा, ते कळत नाही. मुंजाबाने एकदा बाभळीखाली बूड टेकवलं तर बापाने काठीने असं उठवलं की पुढची पन्नास वर्षं तो कामाच्या वेळी बसला म्हणून नाही. जित्याची खोड म्हणतात ती ही.

मेंढरं गेली, चराईची रानं गेली. मुंजाबा बायकोला, दगडाबाईला, घेऊन शहरात आला. आधी विळ्याने गवत कापलं, मग पाठीला अडकवायच्या मशीनने कापलं, आणि एक्कावन्नाव्या वर्षी ही लाल गाडी त्याच्या हाती आली. त्याने तिची अशी निगा राखली की लोक आपल्या म्हशीचीही राखत नसतील. रोज सकाळी आधी अनवाणी सगळं मैदान पालथं घालायचा. खडा, खिळा, बाटलीची काच, पोरांचा हरवलेला चेंडू, जे पायाला लागेल ते उचलायचा. मग बूट घालायचा आणि मगच गाडीला हात लावायचा. पात्याखाली आलेला खडा गोळीसारखा सुटतो, हे त्याने पहिल्याच महिन्यात एका खिडकीची काच गमावून शिकून घेतलं होतं. दर सोमवारी ऑइल बघायचा, फिल्टर झटकायचा, आणि आधी प्लगची वायर काढून मगच पात्याला कानस लावायचा. धार लावलेलं पातं खिळ्याला टांगून दोन्ही बाजू सारख्या झुकतात का ते एक डोळा मिटून बघायचा. तापल्या इंजिनात पेट्रोल ओतणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं म्हणायचा आणि इंजिन गार होईस्तोवर चहा घ्यायचा.

एवढा नेमाचा माणूस. आणि तरी एका जागी घोडं पेंड खात होतं.

गाडीच्या सीटखाली एक स्विच होता. पातं फिरत असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन आपोआप बंद. बनवणाऱ्याने शहाणपणच केलं होतं. पडलेल्या किंवा घाईने उतरलेल्या माणसाचा हातपाय पात्यात जाऊ नये म्हणून. पण मुंजाबा उठायचा तो पुढचं बघायला, आणि इंजिन धाप लागल्यासारखं थांबायचं. दिवसातून तीस-तीस वेळा. पाच वर्षं त्याने सोसलं. मग एका दुपारी गाडीच्या दुरुस्तीला आलेल्या बन्सी मिस्त्रीला त्याने बाजूला घेतलं.

बन्सीने सीट उचलली, दोन वायरी सोलल्या, एकमेकींना पिळल्या आणि वर काळी टेप मारली. पाच मिनिटांचं काम. "मामा, अब फिकीर नक्को," तो म्हणाला, "खडे रहो, नाचो, बंद नाय होणार."

मुंजाबाने ते कुणाला सांगितलं नाही. बागेचे सुपरवायझर रामप्रसाद यांना नाही आणि दगडाबाईलाही नाही. त्याने स्वतःला मात्र दावणीला बांधून घेतलं. पातं थांबवायला दांडा खाली, ब्रेक, चावी बंद, चावी खिशात, मग दहा मोजायचे, आणि मगच पाय जमिनीवर. चार वर्षांत एकदाही चुकला नाही. स्विचचं काम तो स्वतःच करत होता, म्हणून त्याला ती टेप कधी टोचली नाही. माणूस स्वतःपुरता सावध असला की त्याला वाटतं जग सुरक्षित आहे. मला विचाराल तर त्याची खरी चूक बन्सीला बोलावलं ती नव्हती, ही होती.

मुंजाबाची साठी भरत आली होती, म्हणजे निवृत्ती. रामप्रसाद भला माणूस. त्यांनी दोन गोष्टी एकदम केल्या. बागेत निंदणी-खुरपणी करणारी सत्यशीला, तिशीची, हुशार, तिला गाडीवर तयार करायला मुंजाबाच्या हाताखाली दिलं. आणि मुंजाबाला आणखी दोन वर्षं गाड्यांच्या देखभालीसाठी ठेवून घ्यावं म्हणून वर शब्द टाकला. मुंजाबा तोंडाने "तुमची मर्जी साहेब" म्हणाला, पण मनातून त्याला ते फार हवं होतं. सकाळ झाली आणि पायाखाली ते मैदान नाही, ही कल्पनाच त्याला करवत नव्हती. घरी बसून काय करणार? बसणंच तर त्याला येत नव्हतं.

सत्यशीला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारत नसे. अनवाणी फेरी, ऑइल, टायरची हवा, सगळं आठवड्यात तिच्या हाती बसलं. बांधापाशी नेऊन मुंजाबा म्हणाला, "हितं आडवी घालायची नाय. उलटती. उभी चढायची, उभी उतरायची. आन् दव असलं तर बांधाला हातच लावायचा नाय."

"व्हय मामा."

"उतरायच्या आधी काय?"

"दांडा, ब्रेक, चावी. दहा मोजायचे, पातं थांबंस्तोवर."

मुंजाबा खूश झाला. तेवढ्यात तिने सीटशेजारी चिकटवलेल्या चित्रावर बोट ठेवलं. चित्रात सीटवरून उठलेला माणूस आणि त्याच्यापुढे फुली मारलेलं इंजिन. "आन् समजा चावी इसरली तर? उठलं की आपोआप बंद व्हती ना ही?"

मुंजाबाने चित्राकडे पाहिलं. आत्ता सांगितलं तर रामप्रसादांच्या कानावर जाणार, आणि मग कसली दोन वर्षं. उद्या बन्सीला गुपचूप बोलावून वायरी सोडवून घेऊ, असं त्याने ठरवलं.

"व्हती," तो म्हणाला.

बन्सी लासूरला बहिणीकडे लग्नाला गेला होता, चार दिवसांनी येणार होता. चार दिवसांत काय होतंय, मुंजाबाने मनाला समजावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर सत्यशीला एकटी गाडी चालवत होती. मुंजाबा कडेला पाण्याचे पाइप गुंडाळत होता. वीज गेलेली, त्यामुळे कोपऱ्यातल्या खोलीत कॉलेजचा जनरेटर धडधडत होता. सत्यशीलाच्या कानावर आवाज अडवणारे हेडफोन होते; ते घातल्याशिवाय गाडीवर बसू द्यायचं नाही, हा मुंजाबाचाच हुकूम. जनरेटरच्या खोलीजवळ गवत दाट आणि ओलसर होतं. तिथं गाडीचं तोंड तुंबलं.

मुंजाबाने मान वर केली तेव्हा सत्यशीलाने ब्रेक लावला होता आणि ती खाली उतरत होती. दांडा वरच होता, म्हणजे पातं फिरतच होतं. ती कडेला आली, तुंबलेल्या तोंडापाशी उकिडवी बसली, गवत ओढायला उजवा हात पुढे केला आणि तसाच थांबवला. तिचे ओठ हलत होते.

ती दहा मोजत होती.

मुंजाबा धावला. मेंढरामागे धावायचा तसा, पण गुडघे साठीचे होते. त्याने हाक मारली ती जनरेटरने गिळली. मधलं अंतर असेल वीस-पंचवीस पावलांचं. धावता धावता त्याला तिचा हात दिसत होता, हिरवी काकणं घातलेला, बोटं थोडी वाकवलेली, अगदी शांत. तिला कसलीच भीती नव्हती. मामा म्हणाले होते, उठलं की बंद होते.

त्याने चावी फिरवली. इंजिन हिसका देऊन थांबलं. सत्यशीलाने दचकून वर पाहिलं आणि हेडफोन काढले.

"काय झालं मामा?" ती म्हणाली. "आठ झाले व्हते माझे."

मुंजाबा चाकाला टेकून खाली बसला. उघड्या मैदानात, कामाच्या वेळेला. मग तो उठला, सीट उचलली आणि तिला ती काळी टेप दाखवली. कधी केलं, का केलं, परवा खोटं का बोललो, सगळं सांगितलं. आपला उजवा हात डाव्या हाताने धरून सत्यशीला उभी होती. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"चल," तो म्हणाला, "साहेबांकडं."

रामप्रसाद त्यांचीच वाट बघत होते. "बरं झालं आलात," त्यांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. "सही झाली बघा. सत्यशीला, वाच मोठ्यानं. मामांना ऐकू दे."

सत्यशीलाने कागद घेतला आणि वाचू लागली. श्री. मुंजाबा यांनी नऊ वर्षं निष्ठेने सेवा केली. यंत्राची देखभाल उत्तम ठेवली. पुढची ओळ आली तशी ती अडखळली, आणि मग हळू आवाजात वाचली : यंत्राच्या सुरक्षिततेत त्यांच्याकडून कधीही कसूर झालेली नाही, सबब त्यांना दोन वर्षं मुदतवाढ देण्यात येत आहे.

तिने कागद खाली ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. ती सांगणार नव्हती, हे मुंजाबाला स्वच्छ दिसलं. बन्सी आल्यावर वायरी सुटल्या असत्या आणि झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती.

"ती कसूरची ओळ पुन्यांदा वाच," तो म्हणाला.

तिने वाचली. आयुष्यात आपल्याविषयी इतकं चांगलं कुणी लिहिलेलं त्याने ऐकलं नव्हतं. त्याने ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं.

"लई ग्वाड लिवलंय साहेब," तो म्हणाला. "पर ही वळ खोटी हाय." आणि उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं.

रामप्रसादांनी डोक्याला हात लावला. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. "आता मला हे वर कळवावं लागेल. मुदतवाढ जाणार तुमची. अहो, गुपचूप जोडून टाकायच्या वायरी. कुणाला कळलं असतं?"

"हिच्या हाताला कळलंय की," मुंजाबा म्हणाला.

मुदतवाढ गेली. त्याच संध्याकाळी दुसरा मिस्त्री येऊन स्विच जोडून गेला. मुंजाबाचे अकरा दिवस उरले होते, तेवढे दिवस तो सत्यशीलाला शिकवायला येत राहिला.

पहिल्याच सकाळी तिने गाडीवर बसून इंजिन चालू केलं, ब्रेक सोडला, दांडा वर केला आणि जाग्यावरच सीटवरून जराशी उठली. इंजिन बंद पडलं. ती पुन्हा बसली, पुन्हा चालू केलं आणि कामाला गेली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. रोज मुंजाबा शेजारी उभा राहून सांगायचा की स्विच ठीक आहे, मी पाहिलाय. ती मान हलवायची, आणि तरी उठून बघायची. बोलायची पूर्वीसारखीच, डब्यातली भाकरी द्यायची, मामाच म्हणायची. पण त्याच्या शब्दावर गाडी पुढे घेत नसे. मुंजाबाला ते झोंबायचं. घरी दगडाबाईजवळ तो एकदा बोलूनही गेला. ती म्हणाली, "मग काय चुकलं तिचं?"

शेवटच्या दिवशी दुपारी त्याला शाल-नारळ मिळणार होता. सकाळी तो नेहमीसारखा मैदान फिरून आला, बूट घातले, सीटखाली हात घालून स्विच पाहिला. सत्यशीला गाडीवर बसली.

"स्विच ठीक हाय," मुंजाबा म्हणाला.

"बरं मामा." तिने इंजिन चालू केलं, ब्रेक सोडला, दांडा वर केला आणि गाडी पुढे घेतली.

मुंजाबा दोन पावलांत गाडीच्या आडवा आला. तिने घाबरून ब्रेक दाबला.

"उठून बघितलं नायस," तो म्हणाला.

"तुमी सांगितलं ना ठीक हाय म्हणून." ती हसली. "आज तरी तुमच्या शब्दावर."

मुंजाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवस त्याला हेच ऐकायचं होतं. पण तो गाडीपुढून हलला नाही.

"माज्याच शब्दावर तर तू आठ मोजले व्हते," तो म्हणाला. "उठ. बघ आधी."

सत्यशीला सीटवरून उठली. इंजिन बंद पडलं.