एका इंजिनाचे दोन ठसे

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. पंचवीस वर्षं चंद्रपुरात बातमीदारी केली. अमक्या पुलावर बाई दिसते, तमक्या नाल्यात चकवा लागतो, असे फोन आले की ऐकून ठेवून द्यायचो. पण माझ्याकडे दोन कागद आहेत, आणि दोन्ही मी स्वतः तपासलेले आहेत...

ठिकाण ब्रह्मपुरी, आमच्या घरामागचं टिनाचं शेड. आत बाबांची जुनी अँबॅसिडर. चौदा वर्षांपूर्वी तिचं इंजिन उघडायची वेळ आली, तेव्हा ती वडशाला काकांकडे गेली. काका मेकॅनिक. हिवाळ्यात नाटक कंपन्यांच्या गाड्या त्यांच्याच हातून दुरुस्त होऊन गावोगाव निघायच्या. महिनाभरानं आमची गाडी परत आली आणि बाबा म्हणाले, हा आवाज आपल्या गाडीचा नाही. संशय असा, की भावानं मूळ इंजिन विकलं आणि भंगारातलं बसवलं.

तपासायचं काम मी घेतलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. आरटीओत करतात तसंच केलं – इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरला, वरून पेन्सिल घासली. नंबर उमटतो. वाचण्यात चूक होईल, ठशात होत नाही, हे मीच शेजारी उभ्या असलेल्या काकांना ऐकवलं. आरसी बुकात शेवटचे आकडे ४१७ होते. कागदावर उमटले ९०२.

काकांनी कागद उन्हात धरून पाहिला. एरवी कशावरही थट्टा करणारा माणूस.

"जे खोललं तेच बसवलं, दादा," ते बाबांना म्हणाले. "आता कागदच असं म्हणते, तं मी काय बोलू?"

मी पेन पुढे केला. साक्षीदाराची सही घ्यायची सवय. त्यांनी ठशाखाली सही केली आणि बसनं वडशाला गेले. बाबांनी त्याच दिवशी शेडला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली. दोघे भाऊ पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत. गेल्या हिवाळ्यात काका वारले. बाबा मातीला गेले नाहीत. मीही गेलो नाही.

यंदा मार्चमध्ये नागपूरहून जुन्या गाड्या पारखणारे एक गृहस्थ आले. बाबा आता ब्याऐंशीचे. गाडी विकायला तयार झाले होते. इंजिन मूळचं आहे का, ते आधी बघावं लागतं. कुलूप तेल घालून उघडलं. बॉनेटची वायर गंजून तुटलेली, पक्कडीनं ओढावी लागली. आत उंदरांचं घरटं. इंजिन गाडीला धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्ट गंजानं जाम. वेळ दुपारी साडेबाराची. टॉर्च मी धरला होता.

ठसा आला – ४१७.

मी तीनदा घ्यायला लावला. गृहस्थ वैतागले.

"भाऊ, हे इंजिन या गाडीसंगच जन्मलं हाये. घासलेलं नाई, दुसरा पंच मारलेला नाई. काऊन माझी परीक्षा घेऊन राह्यले?"

मी जुना कागद आणून दिला. त्यांनी तो भिंगाखाली धरला. ठसा अस्सल आहे म्हणाले, पण या ब्लॉकचा नाही. ब्लॉकवर नंबराची जागा ती एकच. मग मी त्या दिवशी कागद कशावर धरला होता? शेडमध्ये दुसरी गाडी नव्हती... मागाहून कोणी इंजिन बदललं म्हणावं, तर ते बोल्ट त्यांच्या चांगल्या पान्यालाही हलले नाहीत.

बाबा ओसरीवर बसले होते. मॅच झाला का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी जुना कागद मागितला. आकड्यांकडे पाहिलंच नाही. खालच्या सहीवर अंगठा ठेवला.

"आता त्याले कोन सांगन?" ते म्हणाले.

गाडी विकली नाही. छापलेलं चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यायची, हे मला बातमीदारीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. इथं चूक कुठे झाली, तेच मला सांगता येत नाही. ब्रह्मपुरीला गेलो की शेड उघडतो, ठसा घेतो. ४१७च येतो. जुन्या कागदावर ९०२ तसाच आहे, आणि त्याखाली काकांची सही.