गिटारच्या जॅकला कच्चा डाख

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की कामतघरचं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवतं. ऑर्केस्ट्रातली माझी जागा पटकावणारा गिटारवाला तिथं गिटार घेऊन आला. "वायर घालायचा जॅक तुटलाय. संध्याकाळी प्रोग्राम हाय, नीट कर हां, उस्ताद!" ऐन स्टेजवर गिटार मुकी व्हावी म्हणून मी मुद्दाम कच्चा डाख दिला. पण भिंतीपलीकडच्या कापड विणायच्या लूममुळे माझं टेबल सतत थरथरायचं, हे सुडाच्या भरात विसरलोच. त्याच्यासमोरच डाख सुटला. "वाजवता येत न्हाय, जोडताही येत न्हाय?" म्हणत तो डोक्यावर उभा राहिला, आणि मला पक्का डाख द्यावा लागला. संध्याकाळी मीही प्रोग्रामला गेलो, तर ती गिटार अशी खणखणीत वाजली की पहिली टाळी नकळत मीच वाजवली. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. त्या टाळीबद्दल स्वतःला तर मुळीच नाही.